अकरा वाजून दहा मिनिटं

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर साथ देईल तितकाच). तुझं दोन ओळींचं पत्र पोचलं. बरी आहे, काळजी नको, एवढंच त्यात आहे; भाचीबद्दल, गुडघ्याबद्दल, शेजारणीच्या आगाऊपणाबद्दल अवाक्षर नाही. मीही बरा आहे. तिसऱ्यांदा आलेलं ते उदासीचं दुखणं गेल्या महिन्यात उतरलं, दुकान रोज उघडतो. फक्त डोकं अजून मागे पडतं. घड्याळ उघडतो आणि मघाशी काढलेला स्क्रू कुठे ठेवला ते आठवत नाही. (बहुधा तो माझ्या ओठांतच असतो.)

तर डॉक्टरांनी मला एका संशोधनात धाडलं. हा आजार ज्यांना पुन्हा पुन्हा होतो, त्यांच्यातल्या काहींची स्मरणशक्ती तो उतरल्यावरही मंदच राहते, काहींची नाही. हा फरक आईबापांकडून आलेल्या जडणघडणीशी कुठे जुळतो का, ते त्यांना पाहायचंय. आधी रक्त घेतलं. मग एका बाईंनी पंधरा शब्द वाचले आणि मला म्हणायला लावले. मी सात सांगितले आणि यादीत नसलेला 'चिमटा' पदरचा घातला. आकडे उलटे म्हणताना घाम फुटला. मग त्या म्हणाल्या, कागदावर घड्याळाचं चित्र काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. ताई, चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला! मी बाह्या सरसावल्या. रोमन आकडे, सेकंदकाटा, आतली चक्रं, किल्लीसुद्धा. बाईंनी कागद पाहिला आणि गुपचूप काहीतरी टिपलं. माझ्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती! दुकानाच्या काचेमागे मांडलेल्या घड्याळांचे काटे असेच लावायचे, ही बाबांची शिस्त. हात सवयीने तिथेच गेला. हे मी बाईंना इतकं रंगवून सांगितलं की पुढची चाचणी राहूनच गेली.

निघताना त्यांनी माझ्या रक्ताची नळी दाखवली, करंगळीएवढी. तिच्यात आईबाबांकडून आलेल्या जडणघडणीची, त्या डीएनएची, अब्जावधी अक्षरं आहेत म्हणे, आणि माणसामाणसांत लाखो ठिकाणी फरक. एका फरकाने कोणी आजारी पडत नाही. पुष्कळ बारीकसारीक फरक मिळून थोडासा कल देतात, बाकीचं आयुष्य ठरवतं. मी तोंडात बोट घालून बघत राहिलो. केवढं हे, आणि केवढ्याशा जागेत! केसाएवढी स्प्रिंग बसवतो म्हणून जन्मभर मिरवलेली माझी घमेंड तिथेच उतरली. आणि बाबा आठवले. डोळ्याला भिंग, हातात घड्याळ नाही, असे महिनोन्‌महिने बसलेले. तू दहा वर्षांची, गिऱ्हाइकांना सांगायचीस, बाबा बरे आहेत, काळजी नको. आपण त्यांना आळशी समजलो गं. ते त्या नळीत थोडे तरी असणारच. मला तिला नमस्कार करावासा वाटला. (केला. बाईंनी तेही टिपलं.)

तुझा,
धाकटा

ता. क. संशोधनाला सख्ख्या बहिणीचंही रक्त हवंय. गुरुवारी ये. विज्ञानासाठी एवढं कर.

आणखी ता. क. वरचं खोटं आहे, बहीण कोणी मागितलेली नाही. तुझ्या त्या दोन ओळी गिऱ्हाइकांना सांगायचीस तशाच आहेत, म्हणून मी घाबरलोय. माझ्या डॉक्टरांकडे तुझ्यासाठी वेळ घेतलीय. भाची तुला घेऊन येईल, मी दाराशीच उभा असेन. गुरुवार, अकरा वाजून दहा मिनिटं. या वेळी काटे तीनदा तपासलेत.