शेक

आबा, ज्या खाटेवर तुम्ही शेवटची वर्षं काढली, त्याच खाटेवर मी लॉकडाउनचा सगळा उन्हाळा काढला. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, त्यामुळे हे तुम्हाला कळवून काही उपयोग नाही, हे मला समजतं. पण त्या खाटेवर पडून मला जे कळलं ते घरात दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी माझ्या दुखण्याचं सांगते, कारण ते तुमच्यामागे सुरू झालं. वीज कार्यालयात नोकरीला लागल्यावर काही वर्षांनी एका डोळ्यानं धूसर दिसायला लागलं, आणि ते आपोआप बरंही झालं. मग पाय जड पडायला लागले. जिना उतरताना पाऊल कुठे पडतंय ते कळेना. इंदूरच्या डॉक्टरांनी एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, असं नाव सांगितलं आणि म्हणाले, नसांवरचं आवरण जागोजागी खराब होतं. तारेवरचं रबर निघाल्यावर काय होतं हे मी कार्यालयात रोज ऐकते, त्यामुळे मला समजायला वेळ लागला नाही. आईला मात्र मी समजावू शकले नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे लकवाच ना. तुझ्या बापालाही असंच वारं लागलं होतं." तिच्या मनात आजार एकच होता आणि त्याचा इलाजही तिला पाठ होता. तुमच्यावर करून पाहिलेला.

तरी माझं बरं चाललं होतं. गावात एक फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं, तिथे मी एक दिवसाआड रिक्षानं जायची. तिथली मॅडम वयानं माझ्यापेक्षा खूप लहान, हिंदी बोलणारी, जरा कडक. ती मला दोन लोखंडी दांड्यांच्या मध्ये चालायला लावायची, खुर्चीवरून हात न टेकता उठवायची, एका पायावर उभी करायची. मी जिन्यातला दोर धरून खाली उतरत होते, कार्यालयात जात होते, परत येत होते. या आजारात स्नायूंना कामाला लावलं नाही तर ते विसरतात, असं ती म्हणायची. मग एका दिवसात सगळं बंद झालं. क्लिनिकला कुलूप लागलं, गल्लीच्या तोंडाशी बांबूच्या बल्ल्या बांधल्या, आणि आपल्या घराखालचे माग थांबले. आबा, तुम्ही तो शुकशुकाट कधी ऐकला नाहीत. आपल्या गल्लीत मी जन्मापासून खटखट ऐकत आले होते. ती थांबल्यावर शेजारच्या घरातलं भांडं पडलेलं ऐकू यायला लागलं आणि मला झोप येईना.

आईनं त्या वेळी घर असं काही बंद केलं की विचारू नका. खिडक्या लावल्या, कारण बाहेर कोरोना. पंखा बंद, कारण पायांना वारं लागेल. सकाळ-संध्याकाळ सुंठ-मिऱ्यांचा कडक काढा, दुपारी वाफ, आणि माझ्या पायांना लसूण जाळलेलं गरम तिळाचं तेल. तेल जिरलं की वरून ती लाल रबरी पिशवी, गरम पाण्यानं भरलेली. एप्रिलचं बुऱ्हाणपूर, वर तापलेली गच्ची आणि त्यात शेक. तिचं वय सत्तरीच्या पुढे, पण ती माझ्या पायथ्याशी बसून तासन्‌तास पाय चोळायची. घामानं तिचं लुगडं पाठीला चिकटलेलं असायचं. मी काही बोलायची नाही. मला बरं वाटावं म्हणूनच ती करत होती, आणि क्लिनिक बंद असताना काहीतरी होतंय याचं मलाही समाधान होतं. उन्हात फिरू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि ते मी काटेकोर पाळत होते. पण शेक म्हणजे आपल्याकडे औषध. ऊन आणि शेक एकच, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

पाय मात्र जात चालले. आधी मोरीपर्यंत भिंत धरून जायची, मग आईला धरून, मग आई आणि वहिनी दोघींना धरून. उठायला गेले की आई धावत यायची. "थांब माय, पडशीन. तू काय मागते ते सांग ना, मी देते." पाणी ती द्यायची, ताट ती आणायची, केस ती विंचरायची. दुखणं वाढतंय असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. मी छताकडे बघत पडून राहायची. खाट तीच, भिंत तीच, आणि दारातून दिसणारं जिन्याचं तोंडही तेच, जे तुम्हाला दिसत असणार.

तिथेच मला तुमचं बोट आठवलं. तुम्ही मागावर असताना आम्ही चहा घेऊन खाली यायचो, तेव्हा त्या आवाजात बोलणं व्हायचंच नाही, सगळं हातानं चालायचं. चहा ठेव, सुताची तार तुटली, वर जा, बाबीन दे. एकदा मी मागाच्या फार जवळ गेले तर तुम्ही नुसती हाताची कड हवेत ओढलीत आणि मी रडत वर पळाले. तेवढी कडक खूण दुसऱ्या कोणाला जमली नसती. लकवा झाल्यावर तुमची वाचा गेली, उजवी बाजू गेली, पण डावा हात चालायचा. तुम्ही दारातून जिन्याकडे बोट करायचात, खाली, खाली. आम्ही सगळे म्हणायचो, "सुरू आहेत आबा, माग सुरू आहेत." तुम्ही हात खाली टाकायचात. आम्हाला वाटायचं, समाधान झालं.

माग बंद पडलेल्या त्या दिवसांत मला सुचलं की तुम्हाला विचारायची गरजच नव्हती. माग सुरू असले की ते खाटेच्या पायांतून अंगात येतात. सुरू आहेत की बंद, हे त्या खाटेवर पडलेल्या माणसाला सगळ्यांत आधी कळतं. मग तुम्ही काय मागत होतात? मी ते त्या दिवशी कोणाला बोलले नाही.

मॅडमचा फोन वहिनीनं जुळवला. क्लिनिक बंद असलं तरी ती मोबाईलवर व्यायाम घेते, असं तिला शेजारणीकडून कळलं होतं. वहिनी मोबाईल धरून उभी, मी खाटेच्या कडेला बसलेली, आई माझ्या बाजूला. "दीदी, हाथ टेके बिना उठिए," मॅडम म्हणाली. मला उठता आलं नाही. तिनं परत सांगितलं, परत नाही. तिचा चेहरा बदलला. मग मोबाईल जरा कलला आणि तिला खाट दिसली.

"वो लाल-लाल क्या है?"

"गरम पानी की थैली," वहिनी म्हणाली. "सासूबाई सेंक देती हैं. सुबह-शाम."

"किसको?"

"इनको. और भाप भी. और काढ़ा भी."

"पंखा?"

"बंद. हवा लगती है ना."

मॅडमनं तोंड मोबाईलच्या अगदी जवळ आणलं. मग ती म्हणाली, "दीदी, इस बीमारी में गर्मी ही दुश्मन है. आपके पैर नहीं गए हैं. आप पक रही हैं."

वहिनी हसली. मलाही हसू आलं, किती दिवसांनी. आई हसली नाही. "हिला काय जातं बोलायला," ती म्हणाली. "मोबाईलमधून हात घालून पाय चाचपून पाह्यला का तिनं, किती गार पडला ते?" पण वहिनी तोवर खिडकी उघडून आली होती. तिनं पंखा लावला, माठातल्या पाण्यात पंचा भिजवला आणि माझ्या मानेवर ठेवला. आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि उगाच डबे पुसत राहिली.

जादू वगैरे झाली नाही. पण दोन-तीन दिवसांत मी भिंत धरून मोरीपर्यंत जायला लागले. मग मॅडमनं व्यायाम गच्चीवर, ऊन यायच्या आत, असं ठरवून दिलं. वहिनी मला मागून आधार देत वर न्यायची, आई सतरंजी घेऊन पुढे. पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत मी चालायचं, एवढाच अभ्यास. पण मी पाय उचलला की आईचे हात माझ्या काखेत आलेच. "आंटी, पकड़िए मत," मोबाईलमधून आवाज यायचा. "पास खड़े रहिए, बस."

"पडली म्हणजे कोण उचलीन? तू येशीन का मोबाईलमधून?"

वहिनी म्हणाली, "आई, हात मागे बांधा बरं. शाळेत मास्तर उभं करतात तसे."

"तू गप राय. तुझ्या सासऱ्याला मी असं मोकळं सोडलं नाही कधी. एक दिवस पडू दिलं नाही."

मी टाकीला हात लावून उभी होते. खाली रस्ता रिकामा होता आणि दूर कुठेतरी पोलिसांच्या गाडीचा भोंगा वाजत होता. आईनं माझ्याकडे बघितलं आणि खरंच हात पाठीमागे घेतले, एकानं दुसरं मनगट धरून. मी टाकी सोडली. मध्ये एकदा गुडघा लटपटला, मी कलले. तिचे हात पुढे आले, माझ्या अंगाला लागायच्या आत थांबले, आणि परत मागे गेले. मी कठड्यापर्यंत पोचले. मागे वळून बघितलं तेव्हा आईचा चेहरा असा झाला होता की पडले असते तर बरं, असं मला क्षणभर वाटलं.

त्या दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती. मी पंख्याखाली. ती ताटातून मान वर न करता म्हणाली, "एक विचारू का? त्यांनाही असं उठवायला पाहिजे होतं का?"

मी म्हटलं, "नाही आई. आबांचं वेगळं होतं."

"ते बोट दाखवायचे ना जिन्याकडे."

"मागांचं विचारायचे ते."

"हो," ती म्हणाली. "मागांचंच." आणि तांदूळ पाखडायला लागली.

आता माग सुरू झालेत, गल्लीत पुन्हा तसाच आवाज असतो. मी काठी घेऊन जिना उतरते, रिक्षानं कार्यालयात जाते. उन्हाळ्यात अजून घाबरते, आणि काही दिवस असे येतात की पाय ऐकत नाहीत आणि मी पुन्हा त्याच खाटेवर दिवस काढते. आई जिन्याच्या तोंडाशी उभी राहते, पण हात लावत नाही. तिला ते किती जड जातं ते मला दिसतं. तुमची सेवा तिनं कशी केली हे आल्यागेल्याला ती अजून सांगते, आणि आता सांगताना मधेच माझ्याकडे बघते. मी हो म्हणून मान हलवते.

मॅडमचा फोन अजून महिन्यातून एकदा येतो. लकवा झालेल्या माणसाला तेव्हा उठवलं असतं, चालवलं असतं, तर तो जिना उतरू शकला असता का, हे तिला एका मिनिटात सांगता येईल. दर वेळी विचारायचं ठरवते. आई शेजारी बसलेली असते, म्हणून राहून जातं, असं मी स्वतःला सांगते. आबा, आई शेजारी नसते तेव्हाही मी विचारत नाही.