गळा सोडून बाकी सगळं

मी, कमळ केसरीनाथ तरे, वय वर्षे चौसष्ट, धंदा घरकाम व धवलारीण, राहणार दापोडे, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, हा कागद आज स्वतःच्या हाताने, सातवी पास अक्षरात लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तरीही कोणाला शंका असेल तर त्याने समोर येऊन बोलावं, अजून आवाज आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. आमच्या घरात जबरदस्ती झालीच तर ती मी करते, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

वकील भूपेश म्हणाले, काकी, धवलारीण म्हणजे काय ते कोर्टाला कळणार नाही, खुलासा करा. तर करते. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात मांडव घातल्यापासून नवरी सासरचा उंबरा ओलांडेपर्यंत विधी लावते ती एक बाई, आणि प्रत्येक विधीचं गाणं ती म्हणते. ते गाणं म्हणजे धवला, म्हणणारी ती धवलारीण. भटजी मागाहून येतात आणि घड्याळ बघतात. बावीस वर्षांची होते तेव्हापासून मी हे काम करते. वडपे, अंबाडी, दापोडे, कुठलंही गाव घ्या, निम्म्या जोडप्यांचे संसार मी लावून दिलेत. बरे चाललेले माझ्यामुळे, बाकीचे त्यांच्यामुळे.

कागद आजच का, तेही लिहिते. तीन वर्षांपूर्वी मला स्वरयंत्राचा कॅन्सर झाला. रेडिएशनचे तेहेतीस शेक घेतले. आवाज घोगरा झाला, पण मांडवाच्या टोकापर्यंत पोचत होता, म्हणून मी काही तक्रार केली नाही. या जानेवारीत तो मेला परत आला. त्याच जागी, भाड्याची खोली सोडून गेलेला माणूस विसरलेली चप्पल न्यायला यावा तसा.

डॉक्टरांनी मला दोन रस्ते सांगितले. पहिला ऑपरेशनचा. स्वरयंत्र पूर्ण काढायचं, श्वास मानेला पाडलेल्या भोकातून घ्यायचा. जगण्याची आशा चांगली. पुढे एक झडप बसवून थोडं बोलताही येईल, गाता मात्र येणार नाही. दुसरा इंजेक्शनांचा. आवाज काही महिने राहील, रोग जाणार नाही. मी विचारलं, "वैशाखापर्यंत गाईन?" वैशाखात माझ्या नातीचं, क्षितिजाचं लग्न आहे. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक गाऊ शकाल. त्यापुढचं मी बोलत नाही."

गुरुवारी त्यांना उत्तर द्यायचं आहे. ते मी याच कागदात देणार आहे, पण घरदार वाटून झाल्यावर. माझा मुलगा प्रितेश याने पानं उलटून पुढचं बघू नये.

कलम पहिलं, घर. दापोड्याचं राहतं घर, जे यजमानांच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावावर आहे, ते प्रितेश आणि सूनबाई मेघाली या दोघांना. दोघांना म्हणजे दोघांना. कागदावर तिचं नाव आधी घालावं, कारण गळकी टाकी कुठे गळते ते तिला माहीत आहे. पुढची पडवी बायकांना टेकायला मोकळी राहील. तिथे प्रितेशने गाडी लावायची नाही. गाडी उन्हात राहिली म्हणून वितळत नाही.

कलम दुसरं, गोदामाची जमीन. रस्त्याकडच्या शेतात जे गोदाम उभं आहे त्यातला माझा हिस्सा माझी मुलगी वैशाली हिला, जी अंबाडीला दिलेली आहे. प्रितेशचा हिस्सा त्याला वेगळा आहेच, त्याने हातवारे करू नयेत. "ताई लग्न होऊन गेली" असं कोणी म्हणेल म्हणून आधीच लिहून ठेवते. मीही लग्न होऊन आले होते. माझ्या भावांनी एक साडी नेसवून, पोटभर मटण वाढून माझ्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. मटण चांगलं होतं, ते मी नाकारत नाही. साडी पहिल्याच धुण्यात विटली. वैशालीकडे असला कागद घेऊन जो जाईल त्याला हे कलम मोठ्याने वाचून दाखवावं.

कलम तिसरं, दागिने. मोहनमाळ क्षितिजाला, पाटल्या वैशालीला, बुगड्या मेघालीला. त्या घालून तिने कान दुखतात म्हणू नये, मला कधी दुखले नाहीत. तेव्हा खोटं बोलत होते, पण घालाव्यात.

कलम चौथं, साड्या. लग्नात धवलारणीला मानाची साडी मिळते. अशा साड्यांच्या तीन पेट्या माळ्यावर आहेत. गोदामात कामाला येणाऱ्या ज्या बाया मागच्या चाळीत राहतात त्यांनी पेट्या उघडून हव्या त्या घ्याव्यात, भांडू नये. फक्त जांभळी, मोठ्या जरीची, डोळ्याला टोचणारी जी आहे ती वैशालीच्या सासूबाईंना द्यावी. त्यांना तसलीच आवडतात आणि त्यांना ती शोभतेही, हे मी आजवर बोलले नाही.

मिशरीची डबी कोणालाही नाही. ती मी कालच खाडीत टाकली. टाकताना जीव वरखाली झाला, खोटं कशाला सांगू.

कलम पाचवं. इथे वकील म्हणाले, काकी, हे मृत्युपत्रात येत नाही. मी म्हटलं, कागद माझा आहे.

दापोड्याच्याच गोदूबाई भोईर या माझ्या जोडीच्या धवलारीण. आम्ही दोघी एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आलो. धवला एकटीने म्हणायचा नसतो. एक ओळ सांगते, दुसरी ती झेलते, म्हणजे तीच ओळ पुन्हा उचलून पुढे देते. सांगणारी मी, झेलणारी गोदू. दोघींनी हात धरून बसायचं आणि ओळ बदलायची तिथे हात दाबायचा, अशी आमची रीत. तेवीस वर्षं आम्ही असं गायलो.

एकोणीस वर्षांपूर्वी वडप्याला एका लग्नात आम्ही आवतनाचा धवला म्हणत होतो. त्यात देवांना बोलावतात, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलावतात. नावं घरच्यांनी आधी सांगायची, धवलारणीने लक्षात ठेवायची. मी नावं घेत गेले, आणि गेलेल्यांच्या रांगेत नवऱ्या मुलाच्या आत्याचं, ठकुबाईचं नाव घेतलं. गोदूने ते झेललं, आणि गोदूचा आवाज म्हणजे देवळातली घंटा. पुढच्याच सतरंजीवर लाडू खात बसलेली ठकुबाई ताडकन उभी राहिली. "मेल्यांनो, मी हितं बसलंय! जिती हाय अजून!"

मांडव आधी हसला, मग अपशकुन झाला म्हणून चिडला. सगळ्यांनी गोदूचाच आवाज ऐकला होता. शिव्या तिला पडल्या. वडप्याने तिला पुन्हा बोलावलं नाही, मग बाकीच्या गावांनीही हळूहळू सोडलं. आणि मी, कमळ केसरीनाथ तरे, गप्प बसले. मानाची साडी घेतली आणि घरी आले. गोदू माझ्याशी बोलायची थांबली, तर मी लोकांना सांगितलं की तिला गर्व झालाय.

तर या कागदाने मी लिहून देते की नाव मी चुकवलं, गोदूने नाही. ठकुबाई त्यानंतर अकरा वर्षं धडधाकट जगली आणि प्रत्येक लग्नात पहिल्या पंगतीला जेवली, तेव्हा अपशकुन झाला असंही कोणी म्हणू नये. या कलमाच्या प्रती काढून वडप्याच्या पंचायतीच्या फळ्यावर लावाव्यात.

कलम सहावं, धवले. माझ्याकडे लहानमोठे एकशे चौदा धवले आहेत. ते मी एकाही कागदावर उतरवलेले नाहीत. शिकवणारीने मला शपथ घातली होती, कागदावर घालायचे नाहीत, गळ्यातून गळ्यात द्यायचे. मी वकिलांना म्हटलं, हे सगळे गोदूच्या नावावर करा. भूपेश हसले. म्हणाले, "काकी, मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं. मेल्यावर तुमच्या गळ्यातून गाणी कोण काढून घेणार?"

एवढा शिकलेला माणूस, पण बोलला बरोबर. त्याच दुपारी मी गोदूच्या दारात गेले. ती ओट्यावर जवळा निवडत बसली होती. मी उभ्यानेच सगळं बोलले, वडप्याचं, कॅन्सरचं, गुरुवारचं. तिने मान वर केली नाही.

"मना म्हायत हाय," ती म्हणाली. "तुझा हात माझे हातान व्हता. नाव घेतलंस नि हात गार परला तुझा."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलू. एकोणीस वर्सां थांबलू, कमळे. बस आता. शिकव."

मी रडले. तीही रडली, मग म्हणाली जवळ्याचा वास डोळ्यात गेला.

त्या दिवसापासून रोज दुपारी आम्ही पडवीत बसतो. बारा दिवस झाले. झेलणारी असल्यामुळे तिला ओळी येतातच, पण सुरुवात करायला भिते. मी रागावते, ती उलट रागावते. क्षितिजा मोबाईलवर रेकॉर्ड करते. शपथ कागदाची होती, मोबाईलचं कोणी काही बोललं नव्हतं. इतकं मी गेल्या वीस वर्षांत हसले नव्हते. म्हणून धवले मृत्युपत्राने नाही, जितेपणीच दिले, आणि गोदूने ते घेतले, अशी इथे नोंद करते.

कलम सातवं, उत्तर. प्रितेश, आता वाच.

या घरात तीन आठवडे मतदान चाललं आहे. प्रितेश म्हणतो ऑपरेशन. वैशाली फोनवर रडते आणि मत देत नाही. आमचे एक भावकीतले शहाणे म्हणाले, लग्नच अलीकडे घ्या, याच महिन्यात, म्हणजे म्हातारी नातीच्या मांडवात गाईल आणि सुखाने जाईल. खरं सांगते, मला ते पटलं होतं. गाताना मला जो आनंद होतो तो मला नवऱ्याने दिला नाही, पोरांनी दिला नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या नाती उजवल्या आणि स्वतःच्या नातीला मुकी आजी द्यायची, ही कल्पनाच सहन होत नव्हती.

क्षितिजाने ऐकलं आणि तिने व होणाऱ्या जावईबापूंनी, सार्थकने, तारीख हलवायला साफ नकार दिला. मला म्हणाली, "आजी, तू लग्नात गायलीस आणि गणपतीला नसलीस, तर मी त्या व्हिडिओचं काय करू? मला तू पाहिजेस. माझ्या पोरांना ओरडायला."

"ओरडू कशी गं? आवाज नसेल."

"तू डोळ्यांनी ओरडतेस. मम्मीला विचार."

मेघालीने मान हलवली. इतक्या जोरात हलवायची गरज नव्हती.

मला भीती वाटते. रात्रभर मानेवर हात ठेवून झोपते. पण माझ्याकडे द्यायचं होतं ते मी दिलं आहे आणि गळा रिकामा झाला आहे. त्या जागेचा मला आता हट्ट नाही. गुरुवारी मी डॉक्टरांना सांगणार आहे, काढा. मला वैशाख पाहिजे, आणि त्याच्या पुढचाही पाहिजे.

क्षितिजाच्या लग्नात धवला गोदू सांगेल आणि साडी तिला मिळेल. झेलायला तिने दोन पोरी तयार कराव्यात. मी तिचा हात धरून बसेन. ओळ चुकली की दाबेन. ऑपरेशनमध्ये काही बरंवाईट झालं तर तेरावं उरकून लग्न ठरल्या तारखेलाच करावं. सुतकाचं कारण सांगून जो तारीख पुढे ढकलेल त्याला मी दिसेन.

रोग तिसऱ्यांदा आला तर मला विचारल्याशिवाय कोणी कशाला हो म्हणायचं नाही. माझ्या हातात पाटी द्यायची, मी लिहीन.

या कागदाची अंमलबजावणी वैशालीने करावी. यापूर्वी मी कोणताही कागद केलेला नाही, फक्त तो हक्कसोडीचा, ज्याची मला लाज वाटते. हा कागद उघडायची कोणी घाई करू नये.

ठिकाण : भिवंडी
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५

(सही) कमळ केसरीनाथ तरे

साक्षीदारांचं निवेदन

आम्ही, लडकू पदू केणे, निवृत्त शिक्षक, आणि रूपा दत्ता मढवी, आशा सेविका, दोघे राहणार दापोडे, लिहून देतो की कमळबाईंनी वरील मजकूर वकिलांच्या कचेरीत आम्हांस स्वतः वाचून दाखवला व आमच्यादेखत सही केली. त्या पूर्ण शुद्धीत होत्या. ज्याला कागदातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये असं वकिलांनी सांगितल्यावरून गोदूबाई भोईर यांनी साक्ष देण्यास नकार दिला, "मना घ्यायचाय," असं म्हणाल्या आणि बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

पुढचं लिहिण्याची गरज नाही असं वकिलांचं म्हणणं आहे. आम्हांस ते लिहावंसं वाटतं. सहीपूर्वी कमळबाई पेन खाली ठेवून उभ्या राहिल्या व त्यांनी आवतनाचा धवला म्हणायला घेतला. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने मशीन बंद केली. पहिली ओळ संपली, तेव्हा दाराबाहेरून गोदूबाईंनी ती झेलली. धवला शेवटपर्यंत झाला. त्यानंतर कमळबाईंनी सही केली, आणि मग आम्ही केली.

(सही) लडकू पदू केणे
(सही) रूपा दत्ता मढवी