ओव्हरसियरची लेक

४ फेब्रुवारी, मंगळवार

नोटीस बोर्डावर आज मी! नाव नाही, नुसता हुद्दा – पण ऑटोक्लेव्हच्या खोलीची इन्चार्ज अख्ख्या हॉस्पिटलात एकच. ऑपरेशनची हत्यारं धुवायची, मोजायची, ट्रेमध्ये लावायची, वाफेवर निर्जंतुक करून वर पाठवायची – सत्तावीस वर्षं हेच. त्या बोर्डावर आजवर पाण्याची टाकी धुण्याच्या आणि चपला बाहेर काढण्याच्या सूचना सोडून कोणाचं काही लागलेलं पाहिलं नाही.

झालं असं. गेल्या गुरुवारी वर ऑपरेशन थिएटरमध्ये ट्रे उघडला आणि ऐन वेळी एक आर्टरी कमी पडली. आर्टरी म्हणजे रक्तवाहिनी दाबून धरायचा चिमटा, आम्ही त्याला असंच म्हणतो. फोन आला तशी दुसरा सीलबंद ट्रे घेऊन मी स्वतः दोन जिने चढले, या गुडघ्यांनी. दहा मिनिटांचा खोळंबा, पेशंट ठणठणीत. त्यावर प्रशासक साहेबांचा इंग्रजी शेरा आज लागला. पेशंटला इजा नाही, आणि पुढे – ओव्हरसाइट ऑफ द इन्चार्ज इज नोटेड.

माझे बाबा रस्त्यांच्या कामावर ओव्हरसियर होते. ओव्हरसियर म्हणजे देखरेख करणारा, हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत. तेव्हा ओव्हरसाइट म्हणजे काय, हे कोणी सांगायला नको. माझ्या देखरेखीची नोंद झाली. बाबा असते तर मिशीतल्या मिशीत हसले असते.

५ फेब्रुवारी

सगळ्या मजल्यांवर सांगून झालं. लिफ्टमन म्हणाला, "बाई, आता आमच्याशी बोलणार की नाही?" थिएटरची सिस्टर तेवढी गप्प. जळत असेल.

६ फेब्रुवारी

ह्यांनी त्या कागदाच्या फोटोला फ्रेम करून आणली. म्हणे, "घरातल्या देखरेखीचीही नोंद घ्या म्हणावं साहेबांना, मला साक्षीला बोलवा." सूनबाईने दोनदा वाचलं आणि म्हणाली, "फ्रेम छान आहे, आई." ही शाळेत इंग्रजी शिकवते, आणि हिला फ्रेम छान वाटली!

८ फेब्रुवारी, शनिवार

न राहवून सूनबाई स्वयंपाकघरात आली. हातात डिक्शनरी. "आई, रागावू नका. ओव्हरसाइटचे दोन अर्थ आहेत. एक देखरेख. दुसरा – नजरचूक."

मी गॅस बंद केला.

मग तिने सगळं कुटुंबच मांडलं. ओव्हरसी म्हणजे देखरेख करणं. ओव्हरलुक म्हणजे नजरेतून सुटणं. तेच शब्द उलटे केले, लुक ओव्हर, की नजर टाकणं. आणि खिडकी बागेला ओव्हरलुक करते म्हणजे खिडकीतून बाग चांगली दिसते! म्हटलं, "या लोकांना वरून पाहिलं की दिसतं की दिसत नाही, एकदा काय ते ठरवा म्हणावं. आमच्याकडे नजर ठेवणं वेगळं, नजरचूक वेगळी."

ती हळूच म्हणाली, "आणि 'बघून घेईन' म्हणजे, आई? काळजी, की धमकी?"

पोरगी हुशार आहे. पण पाच दिवस मी आपलीच चूक मिरवत हिंडले, लिफ्टमनपासून लॅबपर्यंत. भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालंय.

१० फेब्रुवारी

नाही. लाज मी का वाटून घेऊ? चूक केलीच नाही. त्या ट्रेच्या रजिस्टरात माझ्याच हातचं आहे – आर्टरी सहा, खाली सही. सत्तावीस वर्षांत एक ट्रे अपुरा गेलेला नाही. उद्या साहेबांना बघून घेते – कुठल्या अर्थाने ते त्यांनीच ठरवावं.

११ फेब्रुवारी

गेले. रजिस्टर टेबलावर ठेवलं. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "अहो बाई, मी मुद्दाम मऊ शब्द घातला होता."

"मऊ नको, साहेब. चूक असेल तर चूक लिहा. नसेल तर खोडा. दोन तोंडांचा शब्द माझ्या नावाला नको."

त्यांनी सिस्टरला बोलावलं. ट्रे उघडताना नग मोजायचा नियम आहे. मोजले होते का? ती खाली बघत म्हणाली, "घाई होती, सर. सर्जन थांबले होते." मी रजिस्टर मिटलं. आवाज जरा मोठा झाला, होऊ दे.

१४ फेब्रुवारी

नवं पत्र आलं! सूनबाईने शब्द न् शब्द तपासला. सत्तावीस वर्षांच्या काटेकोर ओव्हरसाइटबद्दल हॉस्पिटल ऋणी आहे. "इथे देखरेखच, आई. दुसरा अर्थ निघूच शकत नाही." जुना कागद फ्रेममधून गेला, हा आला. खोटं कशाला लिहू – आज आरशासमोर पदर दोनदा सारखा केला. इतका अभिमान मला मुलाच्या नोकरीचाही वाटला नव्हता.

१८ फेब्रुवारी

सिस्टरला थिएटरमधून काढलं, ओपीडीत टाकलं. अकरा वर्षं होती तिथे. कॉरिडॉरमध्ये भेटली, डोळे सुजलेले. "मला खरंच वाटतं बाई, ट्रे अपुराच आला होता," म्हणाली. मी म्हटलं, "वाटण्याला सही नसते." वाईट वाटलं. पण नियम तो नियम.

२४ फेब्रुवारी, सोमवार

खोलीच्या दाराआड टांगलेला एप्रन आज धुवायला काढला. त्या गुरुवारी साबणाचं पाणी उडालं म्हणून बदलला होता, तो तसाच राहिलेला. खिशात आर्टरी.

लगेच आठवलं. मोजून, सही करून झाल्यावर पुन्हा एकेक तपासत होते. हिचा सांधा घट्ट लागला, तेल घालावं म्हणून बाजूला घेतली. कोणीतरी हाक मारली. देखरेखच करत होते मी.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मग आर्टरी घेऊन ओपीडीत गेले. साहेबांकडे नंतर, आधी तिच्याकडे.