अकरा दिवस आधी लागू झालेला कायदा

पिन्यन बेंड, कोलोरॅडो
५ सप्टेंबर २०२३

चि. कोरिनबाई सरकार हिला,
बापाचे अनेक आशीर्वाद. यांवर अजून कर बसलेला नाही, तोवर घेऊन ठेव.

वि. वि., फोनवर आपण दोघं ओरडतो आणि आईचं डोकं दुखतं, म्हणून तिने घातलेली फोनबंदी मी पाळतो आहे. कागदावर ओरडलेलं तिला ऐकू येत नाही.

आधी तुझे आभार. तू आणि तुझ्या त्या आमदारबाई डेन्व्हरला बसून दर वर्षी बंदुकांचा एक कायदा काढता आणि दर वर्षी माझं दुकान धुऊन नेल्यासारखं रिकामं होतं. यंदाचा तर फारच गुणी निघाला. म्हणे एक ऑक्टोबरपासून गिऱ्हाइकाने पैसे भरले, सरकारने नाव तपासून होकार दिला, तरी बंदूक हातात पडणार तीन दिवसांनी! झालं, ज्यांना जन्मात बंदूक नको होती त्यांनाही ती आजच्या आज हवी झाली आहे. काल रांग डोनटच्या दुकानापर्यंत गेली. दंतवैद्याने दोन घेतल्या. पाद्रीबुवांनी एक घेतली आणि वर म्हणाले, निषेध म्हणून घेतोय, चालवायला येत नाही. तुझा पदवीचा फोटो मी गल्ल्यामागे लावला आहे. कोणी विचारलं की सांगतो, ही आमची विक्री अधिकारी, पगार सरकार देतं.

माझ्या दोस्ताचं, लेलँडचं, मात्र बरं नाही. नॅडीनला जाऊन सात आठवडे झाले, बायकोमागे तो घराबाहेर पडत नाही. आई दोनदा हिरव्या मिरचीचा रस्सा देऊन आली. भांडं भरलेलंच परत आलं.

लोभ आहेच, तो कुठल्या विधेयकाने कमी होत नाही.
तुझा,
बाबा


डेन्व्हर
११ सप्टेंबर

ती. बाबांस,
कोरिनचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे आशीर्वाद पोचले, टोमण्यांचं टपाल हशील जास्त पडलं असेल. तो फोटो आधी काढा. तुमच्या दारावर ‘शेवटची संधी’ अशी पाटी लागल्याचं इथे कळलं आहे. गेल्या वर्षी हीच पाटी होती, त्याआधीच्या वर्षीही. तुमची शेवटची संधी शेजारच्या फर्निचरवाल्याच्या सेलसारखी झाली आहे, कधी संपतच नाही. आणि पाद्रीबुवांना बंदूक विकताना ती कोणत्या टोकाने धरायची एवढं तरी सांगितलंत ना?

हे तीन दिवस मसुद्यात मी लिहिले आहेत, म्हणून मला झोंबतं. राग असो की दुःख, पहिला झटका माणसाला स्वतःचा राहू देत नाही. तो ओसरायला वेळ मिळावा, एवढंच त्यात आहे. तुम्ही म्हणता, करणारा करतोच. बाबा, सगळे नाही करत. माझ्या टेबलावर आकडे आहेत, तुम्हाला आकड्यांचा कंटाळा, म्हणून लिहीत नाही.

लेलँडकाकांना मी अजून एक ओळही लिहिलेली नाही याची लाज वाटते. काय लिहावं सुचत नाही. तुम्ही जात राहा.

आईला नमस्कार, तुम्हाला अर्धा. उरलेला अर्धा पाटी काढल्यावर.
आपली,
कोरिन


पिन्यन बेंड
२१ सप्टेंबर

चि. कोरी हिला,
आशीर्वाद. आज थट्टेला जागा कमी आहे.

काल दुपारी लेलँड दुकानात आला. गुळगुळीत दाढी, सदऱ्याला इस्त्री. काचेखालच्या एका पिस्तुलावर बोट ठेवून म्हणाला, हे दे, कोल्हे फार झालेत. दोन वर्षांपूर्वी नॅडीनच्या इस्पितळाच्या बिलापायी त्याने आपल्या दोन्ही रायफली मलाच विकल्या, त्यामुळे त्याच्या घरात काही नाही हे मला ठाऊक होतं. आम्ही दोन-चार वाक्यं बोललो असू. मला काय दिसलं ते विचारू नकोस, पण पिस्तूल मी काचेखालून काढलं नाही.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं की कायदा आजपासून लागू झाला. तीन दिवस थांबावं लागेल. मग तीन दिवसही मला थोडे वाटले, म्हणून पुढे ठोकून दिलं की नवे फॉर्म डेन्व्हरहून यायचे आहेत, ते आले की मग तीन दिवस. त्याने सरकारला दोन शिव्या घातल्या. त्यातली एक नेमकी तुला लागू होती. ती मी तुझ्या वतीने घेतली.

वाटलं, आता जाईल. जातो कसला? स्टुलावर बसला, म्हणाला, कॉफी दे. आणि मागे रांग उभी! आता याच्यादेखत दुसऱ्याला बंदूक देऊ कशी? पहिल्याला सांगितलं, कायदा लागू झाला. दुसऱ्याला सांगितलं. तिसरी ती मेंढ्यांवाली रोझाली, तिने फोन काढून माझ्या नाकासमोर धरला, हे बघ, एक ऑक्टोबर लिहिलंय. मी म्हटलं, फोनवर विश्वास ठेवतेस की तीस वर्षांच्या दुकानदारावर? ती म्हणाली, फोनवर. आणि पाय आपटत गेली. नऊ गिऱ्हाइकं मी अशी घालवली, या सीझनमधल्या सगळ्यात मोठ्या दिवशी. शेवटी ‘दुकान बंद’ची पाटी फिरवली, कुलूप लावलं आणि लेलँडला दंडाला धरून घरी आणलं.

तुझ्या खोलीत झोपला. आज सकाळी आईने त्याला गाडीत घालून दवाखान्यात डॉक्टरबाईंकडे नेलं. त्याला विचारलं नाही, मलाही नाही.

हे कोणाला सांगू नकोस. मी खोटं बोललो, तेही तुझ्या कायद्याच्या नावाने.
बाबा

ता. क. काकांना पत्र लिही. काय लिहावं सुचत नाही, असंच लिही.


डेन्व्हर
२७ सप्टेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. या वेळी पूर्ण.

तुमचं पत्र मी विधानभवनाच्या स्वच्छतागृहात दार लावून वाचलं. दोनदा. बाहेर आल्यावर आमदारबाईंनी माझे डोळे पाहिले आणि विचारलं, काय झालं. आणि मी सांगून टाकलं. बाबा, माफ करा.

बाईंचाही चेहरा क्षणभर उतरला. मग उजळला. म्हणाल्या, तुझ्या वडिलांना कॅमेऱ्यासमोर आणता येईल का? बंदुकीच्या दुकानाबाहेर, मागे डोंगर, अंगात तो चौकडीचा सदरा. तो मित्रही शेजारी उभा राहिला तर उत्तमच. चौकडीच्या सदऱ्याचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनी मनानेच घातला. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या फोटोवाल्याने लगेच विचारलं, पिन्यन बेंडला ऊन कधी चांगलं असतं?

मी म्हटलं, राहू द्या. आमचे बाबा थापाडे आहेत, रांग डोनटच्या दुकानापर्यंत गेली असंही लिहितात. ही गोष्ट त्यांनी मला खिजवायला रचली आहे. बाई खट्टू झाल्या, पण त्यांना ते पटलं. तुमचं नाव मी इथे धुळीला मिळवलं आहे.

काकांना पत्र टाकलं. काय लिहावं सुचत नाही, असंच लिहिलं. पुढे चार पानं झाली.

राग आला असेल तर तीन दिवस थांबून लिहा.
आपली,
कोरिन


पिन्यन बेंड
४ ऑक्टोबर

चि. कोरीस,
आशीर्वाद. राग आला होता, पण जेवणानंतर राहिला नाही. थापाड्या म्हणून माझं नाव इथेही झालंच आहे, आणि ते लेलँडने केलं.

शनिवारी पेपरात आलं की कायदा उद्यापासून लागू. सोमवारी मी दार उघडतो तोच हा पेपर घेऊन हजर. भर दुकानात, चार लोकांसमोर माझ्या आईबापांपासून सुरुवात केली. चाळीस वर्षांची मैत्री आणि तू मला फसवलंस, म्हणाला. मला वेडा समजलास, पोर समजलास. आवाज चढत गेला, मान लाल झाली. खरं सांगतो, नॅडीन गेल्यापासून तो इतका जिवंत मी पाहिला नव्हता. मी म्हटलं, हो, खोटं बोललो, परत बोलेन. लोक हळूच एकेक करून बाहेर सटकले.

मग तो स्टुलावर बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. खाली बघूनच त्याने विचारलं, तुला कळलं कसं?

मी सांगितलं, लेलँड, तीस वर्षांत तू माझ्याकडून साधी गळाची दोरी घेतलीस तरी तासभर भाव पाडतोस. त्या दिवशी तू किंमतसुद्धा विचारली नाहीस.

तो रडला, कोरी. मी काउंटरवरची काच पुसत राहिलो, स्वच्छ होती तरी. मग नाक पुसून म्हणाला, डॉक्टरबाईंकडे गुरुवारी परत जायचं आहे, तू चल, तुझी बायको गाडी फार जोरात चालवते. मी हो म्हटलं. उद्या दुकान बंद.

काल मी त्याला आपल्या पोर्चवर बसून तुझं पत्र वाचताना पाहिलं. मला दाखवत नाही. चार पानांत काय लिहिलंस ते तुझं तुला ठाऊक.

आता तुझ्या बाईंसाठी एक निरोप. माझं नाव, सदरा आणि ऊन वगळून सांग. तुमचा हिशेब कच्चा आहे म्हणावं. तीन दिवस पुरत नाहीत. लेलँडला माझ्यावर ओरडता येईपर्यंत बारा लागले.

आईचे आशीर्वाद, माझेही. माया ठेव, भांडण चालू राहू दे.
तुझा,
बाबा