काचेवरचा खडू

अण्णा, तुमच्यावर बारा वर्षं राग धरलाय आणि आज दुपारपासून तो जास्तच भडकलाय, म्हणून लिहायला बसले. त्या भांडणानंतर दोनच वर्षांत तुम्ही गेलात. भांडण अर्धवट टाकून गेलात, याचा राग वेगळाच.

आज पोलादपूरच्या शाळेतले सर तीच पांढरी गाडी घेऊन बिरवाडीला माझ्या दुकानात आले. महाडच्या तुमच्या दुकानात आपण दोघांनी तिचा कंपनीचा रेडिओ काढून नवा बसवला होता, ती गाडी. तुमची पद्धत ठरलेली. डॅशबोर्डच्या पॅनलला हात लावण्याआधी एकेक बटण दाबून बघायचं आणि जे चालतंय ते खडूनं समोरच्या काचेवर लिहायचं: घड्याळ, पंखा, पार्किंग लाइट. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, प्लास्टिकच्या पट्टीनं पॅनल अलगद उचकायचं, मागचे कपलर, म्हणजे वायरी जोडणारे खटके, दाबून सोडवायचे. कंपनीची वायर कापायची नाही म्हणजे नाही. काम झालं की पुन्हा प्रत्येक बटण दाबायचं आणि जे चालेल तेवढाच शब्द बोटानं पुसायचा. मला वैताग यायचा. वाटायचं, गाडी दुरुस्त करतोय की सत्यनारायण घालतोय!

त्या दिवशी सर गाडी घेऊन गेले आणि अर्ध्या तासात परत आले. पार्किंग लाइट लागत नव्हते. कशेडी घाटात धुक्यात गाडी बंद पडली तर मागच्याला दिसणार कशी, म्हणून ते ओरडत होते. तुम्ही मात्र गिऱ्हाइकांसमोर, चहावाल्यासमोर माझ्याकडे वळलात.

"काच कोणी पुसली गो?"

"मी."

"बटनं दाबून, का तशीच?"

"दाबून."

"नाय दाबलीस. माझ्याकडं बघून सांग."

मी हातातला स्क्रूड्रायव्हर फेकला. मुलगा असता तर चारचौघांत असं बोलला असतात का, म्हणून विचारलं. "मुलगा असता तर कानफटात दिली असती," तुम्ही म्हणालात. सर तणतणत निघून गेले आणि त्यांच्यामागून मीही. पुढे तुमच्या आजारपणात लेक म्हणून उशाशी बसले, औषधं दिली, पण तो विषय तुम्ही काढला नाहीत. "चुकलो गो" एवढंच ऐकायचं होतं मला. तेवढंही तुमच्या तोंडून निघालं नाही.

सरांनी तेव्हा दुसरीकडे वेगळ्या वायरी ओढून स्टेअरिंगखाली नवं बटण बसवून घेतलं होतं. तेच आता जळालं, म्हणून ते माझ्याकडे आले. मी निगेटिव्ह काढली, पॅनल उचकलं. पार्किंग लाइटच्या लाल त्रिकोणाच्या बटणाचा कपलर मागे मोकळा लोंबतोय. वायर कुठे कापलेली नाही, तुटलेली नाही. बारा वर्षं तो नुसता लावायचा राहून गेला होता. आणि ते पॅनल तेव्हा मी बसवलं होतं. तुम्ही बॅटरीपाशी वाकला होतात, मला घरी जायची घाई होती, आणि मी ओल्या फडक्यानं काच एका फटक्यात पुसली होती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, अण्णा. पण कपलर तुमच्याच हातून सुटला असणार, असं मनाशी इतक्यांदा म्हटलं की तेच खरं वाटायला लागलं.

कपलर लावला, निगेटिव्ह जोडली, बटण दाबलं. चारही दिवे लुकलुकायला लागले. सरांनी विचारलं, "म्हणजे तेव्हा चूक कोणाची होती गं?"

"अण्णांची," मी म्हटलं. विचार करायलासुद्धा थांबले नाही.

"मला तेव्हाच वाटलं होतं," सर म्हणाले. "उगाच बोलले तुला, बिचारीला."

तुम्ही बरोबर होतात, याचाच आता सगळ्यात जास्त राग येतोय. बरोबर होतात तर तिथल्या तिथे पॅनल उघडून, माझा हात धरून दाखवायचं होतंत. मी थांबले असते की नाही, देव जाणे.

पत्र पाठवायचा प्रश्नच नाही. सरांचा नंबर मात्र माझ्याकडे आहे. मघापासून दोनदा काढून बघितला, लावला नाही.