फॉर्मवर लिहिलेलं ‘नाही’

४ मार्च

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल सकाळी साडेदहाला माझं आयुष्य बदललं. व्यसनमुक्ती केंद्रात येऊन सत्तेचाळीस दिवस झाले होते, पण बदललं ते दातांच्या दवाखान्यात. दारू सुटली आणि दाढ जागी झाली. इतकी वर्षं बेटी माझ्यासोबत झिंगून पडली होती, आता दिवसभर बोंबलते. केंद्राचे काका म्हणाले, दुखणं अंगावर काढशील तर परत बाटलीकडे पळशील, आणि चार तासांची सुट्टी दिली.

काउंटरवर एक मुलगी होती, कानामागे पेन खोचलेली. तिने फॉर्म पुढे केला आणि मी खलास झालो. मिटल्या तोंडानेच हसलो, कारण आतला देखावा तुला ठाऊक आहे. ‘दारू किंवा इतर नशा?’ असा एक रकाना होता. ती बघत होती. मी ‘नाही’ लिहिलं.

पुढच्या मंगळवारी दाढ काढायची. नंतर दुखू नये म्हणून जोरकस गोळ्या देतो असं डॉक्टर म्हणाले. मी सध्या दिवसातून चारदा दात घासतोय. आईला सांगू नकोस.

माया आहेच, दाढ निघेपर्यंत दुप्पट कर.

तुझा धाकटा

७ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मूर्खा, कॉलेज अर्धवट सोडलंस तेही एका मुलीपायीच. प्रेमात पडायला तुला फॉर्म भरण्याइतकाच वेळ लागतो.

मी अकरा वर्षं औषधाच्या दुकानात उभी आहे. त्या जोरकस गोळ्यांची चटक लागलेली माणसं रोज बघते. तुझ्यासारख्याचे सत्तेचाळीस दिवस दोन गोळ्यांत पाण्यात जातील. डॉक्टरांना खरं सांग, त्यांच्याकडे दुसरा उपाय असतो. मुलगी ऐकेल तर ऐकू दे.

आईला मीच सांगितलं. ती रडली नाही, कुठली दाढ एवढंच विचारलं.

रागावले तरी तुझीच,
ताई

१० मार्च

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. काउंटरवरच, चार पेशंट बसलेले असताना. म्हटलं, मी खोटं लिहिलंय, मी केंद्रात असतो. तिने ‘नाही’वर काट मारली आणि किती दिवस झाले ते विचारलं. मी चोपन्न म्हणालो. त्या रकान्यात तिने ‘हो’ लिहिलं आणि पुढे ‘५४ दिवस बंद’.

डॉक्टर चिडले नाहीत. असं लपवणारे खूप येतात म्हणे. गोळ्या बदलल्या, नशा न आणणाऱ्या दिल्या, त्याही काकांच्या ताब्यात ठेवायच्या. चूळ भरायच्या औषधातसुद्धा दारू असते, म्हणून ती बाटली परत घेतली. कोमट मिठाचं पाणी, तेही उद्यापासून. दाढ निघाली, ताई. अजून चार दात दुरुस्त होतील म्हणाले. मी पंचावन्नाव्या दिवसाची वाट बघतोय, अशी वाट मी कधी कशाची पाहिली नव्हती.

आईला सांग, उजवीकडची, खालची.

तुझ्या शिव्यांचा भुकेला,
धाकटा

ता. क. निघताना तिला मनातलं सगळं सांगणार होतो. तोंड उघडलं, पण अर्धा ओठ बधिर, शब्दांऐवजी लाळ आली. तिने कापूस पुढे केला आणि इतकी हसली की मीही हसलो, तोंड उघडून, दाढेच्या जागच्या बोळ्यासकट. घरातून, कॉलेजातून मी आजवर दार आपटूनच निघालो. आज बाहेर पडलो आणि दार हळूच लावलं.