बटण गेल्यानंतर

४ तारीख, बुधवार
दवाखान्यातून घरी आले. दोघी पोरी दारातच उभ्या — थोरली सहाची, धाकटी चारची. धाकटीनं थेट पोटाला हात लावला. "बटण आहे?"

बाळाचं नाव बटण. मीच एकदा शिवणाच्या डब्यातलं शर्टाचं बटण दाखवून म्हणाले होते, बाळ सध्या एवढंच आहे. पुढे ते वाढलं, नाव तेच राहिलं.

मी काही सांगायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "बाळ देवाकडे राहिलंय गं. येईल पुढच्या वेळी." धाकटी खूश! चप्पल घालून तयार — आपणच आणायला जाऊ म्हणे.

५ तारीख, गुरुवार
हे कामावर गेले. दुसऱ्याच दिवशी! कुणाचा तरी नळ गळतोय म्हणे. जगातल्या सगळ्या नळांना आजच गळायचं होतं.

७ तारीख, शनिवार
सांगून टाकलं. सासूबाई नको म्हणत होत्या — "एवढ्याशा जिवांना कशाला? विसरतील आपोआप." पण धाकटी रोज चप्पल घालून बसते, ते बघवत नव्हतं. दोघींना जवळ बसवलं. बटण मेलं, म्हणाले. पोटातच त्याचं वाढणं थांबलं. आता ते परत येणार नाही. रडू आलं ते लपवलं नाही.

"त्याला दुखलं?" नाही. "त्याला भूक लागेल?" नाही. "मला लागलीय." धाकटीला दूध-बिस्किटं दिली.

थोरली उठली आणि दप्तर भरत बसली. उद्या रविवार!

८ तारीख, रविवार
ड्रेस शिवायला टाकायला एक बाई आल्या. धाकटी त्यांना म्हणाली, "आमचं बाळ मेलं. तुमचं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तिला गप्प करणार, तेवढ्यात बाई स्टुलावर बसल्या. "माझंही एक गेलं," म्हणाल्या. "मला असं कुणी विचारलंच नव्हतं." माप घ्यायचं राहूनच गेलं.

११ तारीख, बुधवार
थोरली माझ्याजवळ फिरकत नाही. शाळेतून आली की आजीच्या खोलीत. वेणी घालायला बोलावलं तर "आजी घालेल." जिवाला घोर लागलाय. ह्यांना सांगितलं, तर "होईल ठीक" म्हणून पाना घेऊन सिंकखाली शिरले. परवाच तर दुरुस्त केलाय तो सिंक! अस्सा संताप आला. दगड आहे हा माणूस.

१३ तारीख, शुक्रवार
कळलं.

बटणाशी बोलायला ह्यांनी पाईपचा वीतभर तुकडा कापून दिला होता, कडा घासून गुळगुळीत केलेला. एक टोक माझ्या पोटावर, दुसरं पोरींच्या तोंडाशी. जेवणं झाली की दोघी त्यातून दिवसभराच्या बातम्या द्यायच्या. आज तो तुकडा थोरलीच्या गादीखाली मिळाला. हा इथे कसा, एवढंच विचारलं — आणि पोरीचा बांध फुटला.

मला दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दुपारी मी जरा आडवी झाले होते, तेव्हा ती त्यातून ओरडली होती. "तू येऊ नकोस! आईजवळ मी झोपते!" मी दचकून उठलेली आठवते. वाटलं, धाकटीचा दंगा.

"त्यानं ऐकलं," म्हणाली. "म्हणून मेलं."

एवढंसं पोर, आणि हे एकटीनं उरावर घेऊन शाळेत जात होतं!

कुशीत ओढलं. "तू पोटात होतीस ना, तेव्हा बाबांनी आपली मोरी ड्रिलनं फोडली. महिनाभर घर दणाणत होतं. तू आलीस की नाही ठणठणीत?" जरा हसली. "ओरडल्यानं बाळ मरत नाही. राग आला म्हणूनही नाही. कुणामुळेच नाही."

"नक्की?"

नक्की. चार-पाचदा वदवून घेतलं माझ्याकडून. मग झोपली, माझ्याजवळच.

१५ तारीख, रविवार
थोरलीनं पाईप आणला. "ऐकू जाणार नाही, माहीत आहे मला. तरी बोलू?" बोल, म्हटलं. धाकटीनं आधी सगळ्या बातम्या दिल्या, शेजारच्या मांजरीसकट. थोरलीनं पोटावर अगदी हलकेच टेकवला. "बटण, मी ओरडले तेव्हा चिडले होते. तू मला आवडायचास. बाय."

सासूबाई दारात उभ्या होत्या. पदरानं डोळे पुसत आत आल्या आणि म्हणाल्या, "मला द्या गं जरा."

१६ तारीख, सोमवार
वेणी घालताना थोरली हळूच म्हणाली, "बाबांना पण सांग ना, त्यांच्यामुळे नाही म्हणून. ते सिंकखाली रडतात. 'मी फोन उचलायला हवा होता' म्हणतात."

फोन! त्या दिवशी त्रास सुरू झाला तेव्हा मी आधी ह्यांनाच केला होता. हे कुणाच्या तरी फुटलेल्या पाईपखाली. मी तर विसरूनही गेले होते.

संध्याकाळी हे पुन्हा सिंकखाली. मी फरशीवर बसले, वाकून सांगितलं — तुमच्यामुळे नाही. डॉक्टर म्हणाल्या, लगेच दवाखान्यात पोचलो असतो तरी काही होण्यासारखं नव्हतं.

पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"परत एकदा सांग," म्हणाले.